योगराजच्या कार्डावर

कोसाड, सुरत
१४ एप्रिल २०२६

दादा,

महिन्याभरात तुला दोनदा फोन केला. दोन्ही वेळा तू माझं अर्धं वाक्य ऐकलंस आणि फोन ठेवून दिलास. भरदुपारी पिऊन बोलतोय असं तुला वाटलं असणार. परवा रेशनच्या दुकानदारालाही तसंच वाटलं. मी थेंबाला शिवत नाही. उन्हाच्या झटक्यात मेंदूचा तोल सांभाळणारा भाग गेला, त्यामुळे जीभ अडखळते, पाय फाकून चालावं लागतं आणि पेन धरलं की हात थरथरतो. आईने तुला सांगितलंच असेल. तरी लेखी कळवतो. आपलं बोलणं बंद होऊन साडेचार वर्षं झाली, आणि तेवढ्यात तुझा धाकटा भाऊ फौजेतून घरी बसवला गेला.

अक्षराला हसू नकोस. एक पान लिहायला सकाळ जाते. एके काळी माझं अक्षर तुझ्यापेक्षा चांगलं होतं, हेही विसरू नकोस.

आता कामाचं. जून २०२३ मध्ये आमची सोळा किलोमीटरची दौड होती, पाठीवर वजन घेऊन. पहाटे साडेचारला निघायचं ते गाडी उशिरा आली म्हणून सातला निघालो. माझ्या अंगात दोन दिवस ताप होता. हवालदाराला तोंडी सांगितलं, तर तो म्हणाला, "सूरतवाले, बहाने मत बना." तेराव्या किलोमीटरला मी पडलो. पुढचे एकोणीस दिवस मला आठवत नाहीत. किडन्या थोडक्यात वाचल्या. वर्षभराने अपंग ठरवून घरी पाठवलं, आणि अपंगत्वाची पेन्शन मागितली तर नाही म्हणाले. म्हणून मी मुंबईच्या लष्करी ट्रिब्युनलमध्ये गेलो आहे.

मी ड्यूटीवर पडलो हे त्यांना मान्य आहे. पण वैद्यकीय मंडळाच्या कागदावर एक ओळ आहे: "थोरल्या भावास कापड मिलमध्ये उष्णतेमुळे असाच झटका आला होता." त्यावरून ते म्हणतात की दोष तुमच्या रक्तातच आहे, नोकरीचा संबंध नाही. ही ओळ कुठून आली कोण जाणे. कुठल्या तरी कारकुनाने कुणाचं तरी माझ्या नावावर लिहिलं असेल.

माझे वकील प्रफुल्लसाहेब म्हणतात, भावाचं एक शपथपत्र पुरे. मला असा झटका कधीही आलेला नाही, एवढंच. हे खरंच आहे. तू कधी पडला नाहीस, हे तुझ्याइतकंच मलाही ठाऊक आहे. २०१७ च्या मे महिन्याचं कुणी विचारणार नाही. विचारलं नाही तर आपण सांगायचं नाही.

अठरा मेच्या आत सगळे कागद दाखल करायचे आहेत. पेन्शन मिळाली तर लष्करी दवाखान्याचं कार्ड मिळेल. नाही मिळाली तर आईने साड्यांना टिकल्या चिकटवायच्या आणि मी तिसऱ्या मजल्यावर, गच्चीखालच्या खोलीत, खिडकीला ओलं गोणपाट लावून बसायचं. कापड मार्केटमध्ये वॉचमनची नोकरी धरली होती. चौथ्या दिवशी दुपारी चक्कर येऊन पडलो, त्यांनी रिक्षात घालून घरी पाठवलं.

कळव.

भूपेंद्र


२७ एप्रिल

दादा,

तेरा दिवस झाले. पत्र मिळाल्याची पोच माझ्याजवळ आहे, त्यावर तुझी सही आहे. म्हणजे पत्र पलसाण्याला पोचलं, तू हातात घेतलंस आणि गप्प बसलास. शाबास.

मी काय मागितलं तुझ्याकडे? किडनी मागितली नाही. एक सही मागितली, आणि तीसुद्धा खऱ्या गोष्टीवर. तुला माझा राग आहे, ठीक आहे, राग ठेव. तो पेन्शनच्या कागदावर कशाला काढतोस?

आईला दिसतं सगळं. ती तुझ्या लेकाचा फोटो पुसत बसते. काल टिकल्यांचा डिंक सांडला तर माझ्यावर ओरडली, "तुमी दोन्ही भाऊ सारखाच! एक बोलस नही, एक ऐकस नही!" मी म्हटलं, मी तर लिहितोय, तुझा मोठाच मुका झालाय. तर उठून आत गेली.

प्रफुल्लसाहेबांनी आज विचारलं, भाऊ येतील ना? मी म्हटलं, येतील, दोन पाळ्या लागल्यात त्यांच्या. तुझ्या वतीने खोटं बोललो. घे, हेही माझ्याच खात्यावर लिही.

पुढच्या मंगळवारपर्यंत वाट बघतो. पाच तारखेपर्यंत. नंतर मला जे सुचेल ते करीन.

भूपेंद्र


५ मे

दादा,

काल सुषमा वहिनी येऊन गेली. टेम्पोवाल्या लोटूबरोबर आली, तासभर बसली. माझ्याकडे बघून रडली नाही, हे बरं केलं. जाताना तिने एक प्लॅस्टिकची पिशवी काढून माझ्यासमोर ठेवली. "त्यास्नी हाई दिन्हं शे," म्हणाली. "आनि सांगेल शे, शपथ घ्यासु. पन मंग वकील जे इचारी ते खरंच सांगसु."

पिशवीत २०१७ ची दवाखान्याची ती चिठ्ठी होती. नऊ वर्षं तू ती जपून ठेवलीस. पिवळी पडली आहे, पण अक्षर स्वच्छ आहे. नाव योगराज, वय चोवीस. मिलमध्ये उष्णतेने बेशुद्ध. उजव्या कोपराखाली मशीनच्या दारावर भाजल्याची जखम.

वहिनी गेल्यावर मी सदऱ्याची बाही वर केली. डाग आहे तिथेच आहे. फौजेत भरती होताना ओळखीची खूण म्हणून त्यांनी हाच डाग लिहिलाय. मी सांगितलं होतं, लहानपणी चुलीवर भाजलं. तू कोर्टात उभा राहिलास आणि कुणी म्हटलं, जरा तुमचा उजवा हात दाखवा, तर संपलंच. तुझा हात कोरा आहे.

शपथ घेणार, पण विचारलं तर खरंच सांगणार, म्हणजे तू मला कोंडीत पकडलंस. आलास तरी मी बुडतो, नाही आलास तरी बुडतो. पहिल्यांदा एवढा राग आला की चिठ्ठी काडी लावून जाळणार होतो. काडी पेटवता येईना, हाताने तीन वेळा दगा दिला. मग दुसरं काही सुचलं. तेही सांगतो, लपवून आता काय राहिलंय.

प्रफुल्लसाहेबांनी तुझ्या नावाचं शपथपत्र टाइप करून दिलेलं होतं. खाली जागा कोरी. मी कोऱ्या कागदावर तुझी सही गिरवायला बसलो. मला ती येत होती की! तू लग्नाला गावी गेला होतास तेव्हा हजेरीच्या वहीत मी रोज येता-जाता तीच करायचो. तुझा 'य' पोटात वळतो आणि शेवटी रेघ खाली उतरते, तेसुद्धा आठवत होतं. पण पंधरा वेळा केली आणि पंधराही वेळा ती कोंबडीच्या पायांसारखी उमटली.

आई मागे कधी येऊन उभी राहिली, कळलं नाही.

"भाऊनी सही तू कसाले करस?" तिने विचारलं.

 तिने सगळे कागद गोळा केले. चिठ्ठी तेवढी हातात धरली. तिला वाचता येत नाही, तरी उजेडात धरून बघितली. मग म्हणाली, "त्यानाच नाववर पडनास. आते त्यानाच नाववर उठाले देखस का?"

म्हणजे तिला माहीत होतं, दादा. मला वाटत होतं आपल्या दोघांतच आहे.

भूपेंद्र


९ मे

दादा,

हे पत्र सलग तीन सकाळी लिहितोय. नीट वाच. रागावून टाकून देऊ नकोस, निदान शेवटपर्यंत तरी.

मंडळाच्या कागदावरची ओळ कारकुनाने लिहिली नाही. ती मी सांगितली. दवाखान्यात शुद्धीवर आल्यावर डॉक्टरसाहेबांनी विचारलं, याआधी कधी असं झालं होतं? मी घाबरलो. खरं सांगितलं तर भरतीच्या वेळी लपवलं म्हणून हाकलतील, असं वाटलं. नाही म्हणालो. त्यांनी विचारलं, घरात कुणाला? आणि माझ्या तोंडून पटकन निघालं, "बड़े भाई को, मिल में." विचार करावा लागला नाही. सहा वर्षांत ती गोष्ट मी इतक्या वेळा तुझ्या नावाने सांगितली होती की मलाही तीच खरी वाटायला लागली होती.

मुळात झालं काय होतं, ते मी आजवर एकदाही सरळ बोललो नाही. आज लिहितो. तुझं लग्न ठरलं. पांडेसऱ्याच्या मिलमध्ये आपल्या माणसांची रीतच आहे, गावी जाताना आपल्या कार्डावर भाऊ नाहीतर भाचा उभा करायचा, म्हणजे मशीनवरची जागा जात नाही. मास्तर बघून न बघितल्यासारखं करतो. तू चार वर्षं घासून स्टेंटरचा ऑपरेटर झाला होतास. त्या मशीनच्या गरम पेटीतून कापड ताणून, सुकून बाहेर पडतं. तिच्या तोंडाशी उभं राहणं म्हणजे तव्यावर उभं राहणं. तू मला दोन दिवस शिकवलंस. म्हणालास, "दर अर्ध्या तासाला मीठ-साखरेचं पाणी पी. तहान नसली तरी पी." मी आठ दिवस प्यायलो. नवव्या दिवशी शेजारच्या मशीनवाल्याशी पैज लागली, कोण जास्त वेळ हलत नाही याची. मी जिंकलो. जिंकून पडलो.

कार्ड तुझं, म्हणून दवाखान्यातलं नाव तुझं, मिलच्या रजिस्टरातलं नाव तुझं. तू हळदीच्या अंगाने परत आलास तेव्हा तुला मशीनवरून काढलं होतं. "इसको गरमी सहन नहीं होती." तुला ओलं कापड भरलेली ट्रॉली ओढायला लावलं. अजूनही तेच करतोस, मिल तेवढी बदलली.

मी मनाशी काय ठरवलं होतं सांगू? दादा गप्प राहिला, कारण त्याला कार्ड रद्द व्हायची भीती. म्हणजे त्याचंही भलं, माझंही भलं. असं ठरवलं की झोप बरी लागते.

परवा मी पांडेसऱ्याला गेलो होतो. लोटूला म्हटलं, गेटपर्यंत सोड. किसन मास्तर अजून आहेत, आता काठी घेऊन चालतात. आम्ही दोघे गेटजवळच्या चहावाल्यापाशी बसलो, दोघेही डुगडुगणारे. मी म्हटलं, मास्तर, तेव्हा योगराजच्या कार्डावर मी होतो, मी पडलो, रजिस्टरात दुरुस्त करा. ते म्हणाले, "अरे, उचलून रिक्षात मीच घातलं ना तुला! मी योगराजला तेव्हाच बोललो होतो, शेठला सांगतो, तुझं मशीन तुला परत देतो. त्याने हात जोडले. म्हणाला, मास्तर, पोराची भरती दोन महिन्यांवर आली, दवाखान्याच्या कागदावर त्याचं नाव येऊ देऊ नका. मला ट्रॉली चालेल."

दादा, हे तू मला का नाही सांगितलंस?

नाही, असं विचारायचा मला हक्क नाही. तू सांगितलं असतंस तर मी जावळाच्या दिवशी ते बोललो असतो का, हा खरा प्रश्न आहे. आणि मला भीती वाटते की बोललो असतोही. तुझ्या लेकाचं जावळ, सासुरवाडीचे सगळे पंगतीत, मी रजेवर आलेला, केस बारीक कापलेले, छाती पुढे. तुझ्या सासऱ्याने कौतुकाने विचारलं, वाळवंटात उन्हाचं कसं करता? आणि मी म्हणालो, "आम्ही उभे राहतो. दादासारखं नाही, तो मिलमध्येच उताणा झाला होता." सगळे हसले. तू ताटावरून उठलास. पुढच्याच महिन्यात बिऱ्हाड पलसाण्याला हलवलंस. मी आईला म्हटलं, दादाला थट्टा सहन होत नाही.

मला लाज वाटते. साधा शब्द आहे, पण तोच आहे.

त्याच संध्याकाळी प्रफुल्लसाहेबांना सगळं सांगितलं. ते खुर्चीत मागे टेकले. म्हणाले, "भूपेंद्रभाई, हे लिहून दिलंत तर समोरचा वकील पहिलं वाक्य हेच बोलेल की माणसाने भरतीच्या वेळी लपवलं. पेन्शन तर सोडाच, वर फसवणूक म्हणतील." मी म्हटलं, आणि नाही लिहिलं तर? तर ते म्हणाले, "तर ती ओळ तशीच राहते. दोष भावाचा, रक्ताचा." मग त्यांनीच थोडा विचार करून सांगितलं की खरं मांडायचं असेल तर पूर्ण मांडू. सतराव्या वर्षी एकदा पडला, पण मग भरतीची दौड धावला, वैद्यकीय तपासणी पास झाला, पाच उन्हाळे फौजेत काढले, एकदाही पडला नाही. पडला तो तापात, सातच्या उन्हात पळवला तेव्हा. मी विचारलं, हे टिकेल का? ते म्हणाले, सांगता येत नाही.

मी म्हटलं, लिहा.

तुझं शपथपत्र आता नको. तू काहीच खोटं-खरं करायचं नाहीस. माझ्याच शपथपत्रात सगळं आहे: कार्ड, पैज, हजेरीच्या सह्या, दवाखाना, डॉक्टरांना दिलेलं उत्तर. चिठ्ठी जोडली आहे, डागाचा फोटो जोडला आहे. तुझं नाव चौदा वेळा आलंय, आणि प्रत्येक वेळी तू तिथे नव्हतास असंच लिहिलंय.

पण एक अडचण आली आहे, आणि म्हणूनच हे पत्र एवढं लांबलं. काल अठवा लाईन्सला कोर्टातल्या नोटरीकडे गेलो. त्यांनी माझी सही घेतली, सैन्याच्या कागदावरच्या सहीशी ताडून बघितली आणि मान हलवली. जुळत नाही. बोलायला गेलो तर जीभ अडकली. त्यांनी माझं तोंड हुंगल्यासारखं केलं. म्हणाले, अंगठा घेतो, पण हा भूपेंद्रच आहे असं सांगणारा रक्ताचा माणूस आणा, वयाने मोठा, ओळख घेऊन. आई चालली असती. पण तिच्या आधारवर नाव मंगलबेन पडलंय आणि माझ्या कागदावर मंगलाबाई आहे. ते म्हणाले, दुसरं कोणी बघा.

दुसरं कोणी नाही, दादा. बाबा नाहीत. तूच आहेस.

शुक्रवारी, पंधरा तारखेला सकाळी दहाला नोटरीने बोलावलं आहे. सोमवारी मुदत संपते. तू यायचं, हा माझा भाऊ भूपेंद्र आहे एवढं लिहून खाली सही करायची, आणि जायचं. माझ्याशी बोलू नकोस हवं तर. मी मध्ये बोलून तुला लाजवणार नाही, तसंही वाक्य पुरं होत नाही.

मी किती तरी दिवस तुझ्या नावाने उभा होतो. आता माझ्या नावाने उभं राहायला मला तुझी गरज आहे. आणि तू आला नाहीस तर मी आईला काही सांगणार नाही. पत्र उशिरा पोचलं म्हणेन.

भूपेंद्र


पलसाणा
१२ मे २०२६

भूपेन,

चारी पत्रं मिळाली. तुझं अक्षर लावायला सुषमा लागते, म्हणून वेळ गेला. पहिल्या पत्राला उत्तर दिलं नाही, कारण त्यात तू मला परत तेच करायला सांगत होतास.

जावळाच्या दिवसाचं माझ्या मनातून गेलेलं नाही. तू लिहिलंस म्हणून लगेच जाणारही नाही. ते कोर्टात नको, घरी बोलू. आईला सांग, रविवारी पोराला घेऊन येतो, पुरणाच्या नादी लागू नको, कळण्याची भाकर आणि ठेचा पुरे.

किसन मास्तरने तोंड उघडायला नको होतं. तुला भरतीसाठी धावताना बघितलं होतं मी कालव्याच्या रस्त्यावर. पायात फाटके बूट होते तुझ्या आणि तू माझ्या पुढे जात होतास. बस, एवढंच होतं.

शुक्रवारची रजा टाकली आहे. दहाला येतो. तू गेटवर उभा राहू नको, ऊन असतं. आत टायपिंगवाले बसतात तिथे झाड आहे, त्याखाली बस. बाटली बरोबर आण. तहान नसली तरी पी.

ओळखीसाठी आधार आणतो, मिलचं कार्डही आणतो. या खेपेला माझ्या कार्डावर मीच येतो.

योगराज